गाव आंबोली, कूळ लंकेचे

बेडकासारख्या निरुपद्रवी प्राण्यावर आपल्या पूर्वजांनी एक मोठा अन्याय करून ठेवला आहे. 'कूपमंडूक' हा शब्द म्हणजे तो अन्याय. विहिरीतल्या बेडकाला विहीर हेच जग वाटते, समुद्र म्हणून काही असतो हे त्याला पटत नाही, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. स्वामी विवेकानंदांनी १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत हीच गोष्ट सांगितली आणि ती सातासमुद्रापलीकडे गेली. बेडूक मात्र विहिरीतच राहिला. वास्तविक ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात बेडकांवर एक स्वतंत्र सूक्त आहे, आणि पाऊस येताच बोलू लागणाऱ्या बेडकांची तुलना त्यात व्रतस्थ ब्राह्मणांशी केलेली आहे. पण स्तुतीपेक्षा निंदा अधिक काळ टिकते, हा भाषेचा जुना अनुभव आहे.

या शब्दाला चोख उत्तर देणारा एक बेडूक महाराष्ट्रात राहतो. त्याचा मुक्काम सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोलीला. आणि त्याचे कूळ शोधू लागले तर तो शोध थेट लंकेपर्यंत जाऊन पोचतो. गेल्या पावसाळ्यात मी मुद्दाम त्याच्या भेटीसाठी आंबोली गाठली. लोक तेथे धबधबा पाहायला जातात. मी बेडूक पाहायला निघालो आहे हे ऐकून घरच्या मंडळींनी एकमेकांकडे कसे पाहिले असेल, याची वाचकांनीच कल्पना करावी.

सावंतवाडी सोडली की दाणोलीपर्यंत रस्ता साधाभोळा आहे. दुतर्फा माड, फणस, भाताची खाचरे आणि कौलारू घरे. दाणोलीला साटम महाराजांच्या समाधीला नमस्कार करून पुढे निघावे, तो घाट सुरू होतो. वेंगुर्ल्याच्या बंदरातला माल बेळगावला चढवण्यासाठी इंग्रजी अमदानीत हा रस्ता बांधला गेला. चार-सहा वळणे घेतली की हवा बदलते. कानात दडे बसतात, काचेवर धुके येते आणि खालचे कोकण एकाएकी नाहीसे होते. त्यानंतर जे काही दिसते ते धुक्याच्या मर्जीने. मध्येच पडदा बाजूला सरतो, समोर काळ्या कातळावरून उतरणारे पांढरे पाणी दिसते, आणि ते नीट पाहून होण्याच्या आतच पडदा पुन्हा पडतो.

आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या अगदी कड्यावर वसली आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग येथे पहिल्यांदा डोके आपटतात. वर्षाकाठी ७,००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस येथे पडतो. येथून बेळगाव सत्तर किलोमीटरही नाही. पण तेथे पोचेपर्यंत तो पाऊस पाचव्या हिश्शावर आलेला असतो. गावाजवळच हिरण्यकेशी उगम पावते. कड्याच्या पश्चिमेला पडलेला थेंब काही तासांत अरबी समुद्राला मिळतो, आणि त्याचाच जुळा भाऊ चार पावले पूर्वेला पडला तर हिरण्यकेशीतून घटप्रभेत, घटप्रभेतून कृष्णेत, असा अख्खा दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला जातो. नकाशावर नखाएवढ्या जागेत दोन समुद्रांचे पाणी वाटले जाते, असे हे ठिकाण आहे. आमच्या बेडकाचा संसार नेमका याच वाटणीच्या रेघेवर आहे.

संध्याकाळी पाऊस थोडा ओसरल्यावर गावातला एक तरुण वाटाड्या घेऊन बाहेर पडलो. त्याच्या कपाळाला दिवा बांधलेला, माझ्या हातात छत्री. अंधार पडताच जंगल बोलू लागले. प्रथम सगळा नुसता गलबला वाटतो. एखाद्या जत्रेत शिरल्यासारखे कान भांबावून जातात. हळूहळू आवाज वेगळे होतात. एक ओढ्याकडचा, एक पायाखालच्या चिखलातला, एक डोक्यावरच्या फांदीतला. आमचा वाटाड्या मात्र एखाद्या गवयाने स्वर ओळखावेत तसे ते ओळखत होता.

"सर, बॅटरी खाली धरा. त्येच्या डोळ्यार मारू नकात," तो हळूच म्हणाला. "ह्यो बघा, पानार बसलो हा."

कमरेएवढ्या झुडपाच्या पानावर, बोटाच्या दोन पेरांएवढा एक तपकिरी बेडूक बसला होता. वाळक्या पानाचा तुकडा समजून मी त्याच्यावरून नजर पुढे नेली असती. बोटांच्या टोकांना चपट्या टिकल्या; त्यांच्या जोरावर तो ओल्या, हलत्या पानाला बिनघोर चिकटून होता. डोळे मोठे आणि विचारी. मग त्याने गळा फुगवला, तो एखाद्या साबणाच्या फुग्यासारखा चकाकला, आणि त्या एवढ्याशा देहातून निघालेल्या आवाजाने मी दचकलोच. आंबोलीचा झुडपी बेडूक तो हाच.

या बेडकाच्या गोतावळ्याची एक रीत ऐकण्यासारखी आहे. बेडूक म्हटला की पाण्यात अंडी, मग शेपटीवाली पिल्ले, मग शेपूट झडून पाय, हा क्रम शाळेच्या पुस्तकातील चित्रामुळे आपल्या डोक्यात पक्का बसलेला असतो. झुडपी बेडकांना हा सगळा खटाटोप मान्य नाही. मादी ओलसर मातीत, पालापाचोळ्यात नाहीतर पानावर अंडी घालते. शेपटीची अवस्था अंड्यातच उरकली जाते आणि कवच फुटते तेव्हा बाहेर पडतो तो चार पायांचा पुरता बेडूक, नखापेक्षाही लहान. याला डबके नको, विहीर तर नकोच नको! परंतु डबक्याच्या तंत्रातून सुटलेला हा बेडूक हवेच्या तंत्रात मात्र पुरता अडकला आहे. माती सतत ओली पाहिजे, हवेत दमटपणा पाहिजे, वर झाडांची सावली पाहिजे. यांतले एक जरी कमी झाले तरी अंडी सुकतात. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढच्या साऱ्या हकिकतीची किल्ली त्यातच आहे.

आता या बेडकाच्या नावाकडे वळू. प्राणिशास्त्रात प्रत्येक जीवाला दोन पदांचे नाव असते. आपल्याकडे नाव आधी आणि आडनाव मागून. शास्त्रज्ञ आडनाव आधी लावतात. ते आडनाव म्हणजे प्रजाती, आणि मागून येते ते त्या जातीचे स्वतःचे नाव. २००९ साली दिल्ली विद्यापीठाचे एस. डी. बिजू आणि ब्रुसेल्सचे फ्रँकी बोसाइट यांनी सह्याद्रीतील झुडपी बेडकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. याच जोडीने २००३ साली केरळातील सुप्रसिद्ध जांभळ्या बेडकाची ओळख जगाला करून दिली होती. २००९च्या त्या अभ्यासात बारा जाती शास्त्राला सर्वस्वी नव्या होत्या, आणि त्यांतली एक आंबोलीची. तिचे नाव ठेवले गेले 'फिलॉटस आंबोली'. रत्नाकर, प्रभाकर अशी भारदस्त नावे सोडून गावाचेच नाव मुलाला द्यावे, त्यातला प्रकार. पण केवढा मान! जगात कोठल्याही देशात या बेडकाविषयी कोणी चार ओळी लिहिल्या तरी त्यांत आंबोली हे अक्षर उमटणारच.

नाव टिकले, आडनाव मात्र वर्षा-दोन वर्षांतच बदलले. फिलॉटस ही प्रजाती १८४८ सालची. जावा-सुमात्राकडच्या बेडकांचे ते घराणे. सह्याद्रीतले आणि लंकेतले झुडपी बेडूकही तसेच लहानखुरे, टिकल्यांच्या बोटांचे, डबक्याविना वाढणारे. म्हणून जुन्या शास्त्रज्ञांनी सगळ्यांना एकाच घराण्यात घातले होते. चेहरेपट्टीवरून नाते ठरवण्याची ही रीत लग्नकार्यात आपण सारेच वापरतो, आणि पुष्कळदा फसतो. पुढे रक्ताची परीक्षा करण्याची, म्हणजे डीएनए तपासण्याची सोय झाली, तेव्हा तीन निरनिराळी घराणी उघडकीला आली. पूर्वेकडच्या बेटांतले मूळ फिलॉटस राहिले. सह्याद्रीतल्या बहुतेक झुडपी बेडकांसाठी २०१० साली 'राओर्केस्टिस' ही नवी प्रजाती स्थापन झाली. तिच्यातला 'राओ' म्हणजे बंगळुरूचे प्राध्यापक सी. आर. नारायण राव, भारतीय बेडकांच्या अभ्यासाचे एक आद्य पुरुष. आणि लंकेतल्या झुडपी बेडकांसाठी लॉरेंट या शास्त्रज्ञाने १९४३ साली सुचवलेले, मधल्या काळात बाजूला पडलेले 'स्यूडोफिलॉटस' हे नाव पुन्हा वापरात आले. त्याचा अर्थ 'खोटा फिलॉटस'. ज्याने स्वतःला कधी फिलॉटस म्हणवून घेतले नाही, त्याला खोटा म्हणावे, हा दुसरा अन्याय!

आंबोलीचा बेडूक यांपैकी कोणत्या घराण्यातला? आजूबाजूच्या झुडपांवर बसलेले इतर बेडूक बहुतेक रावांच्या घराण्यातले. तेव्हा हाही तिकडचाच असणार, असे कोणीही म्हणेल. पण रक्ताने साक्ष दिली ती लंकेच्या बाजूने. आंबोलीचा बेडूक 'स्यूडोफिलॉटस आंबोली' ठरला. लंकेत या प्रजातीच्या सत्तरहून अधिक जाती आहेत. भारतात मात्र तिची माणसे बोटांवर मोजण्याइतकी: एक ही आंबोलीची, दुसरी वायनाडच्या नावाची, जिची नोंद जर्डन या इंग्रज डॉक्टरने एकोणिसाव्या शतकातच केली होती, आणि तिसरी दक्षिण केरळातील, तिथल्या काणी या आदिवासी जमातीचे नाव धारण करणारी.

हे गोत इतके दूर आले कसे? बेडकाची कातडी इतकी पातळ असते की खाऱ्या पाण्यात तो तग धरू शकत नाही. पोहून येण्याचा प्रश्नच नाही. परंतु भारत आणि लंका यांच्यामधला समुद्र फार उथळ आहे. पृथ्वी गार होऊन दक्षिण ध्रुवावर बर्फ साचले की समुद्राची पातळी उतरते आणि मधली जमीन उघडी पडते. तीन कोटींहून अधिक वर्षांपूर्वी अशाच एका थंड काळात या बेडकांचे पूर्वज भारतातून त्या जमिनीवरून लंकेत गेले, असे शास्त्रज्ञांचे गणित आहे. तेथे ते रमले, वाढले, डोंगराडोंगरांत निरनिराळ्या जातींत विभागले. मग सुमारे ८८ लाख वर्षांपूर्वी, मोसमी पावसाचे चक्र सुरू झाल्यानंतर, त्यांतली एक शाखा उलट पावली भारतात परतली. वायनाडचा, काणींच्या डोंगरातला आणि आंबोलीचा बेडूक हे त्या परतलेल्यांचे वंशज. सेतू बांधण्यासाठी वानर जमले त्याच्याही कितीतरी आधी हे बिऱ्हाड लंकेला जाऊन परत आले होते. एकाही बेडकाने अर्थात हा प्रवास पुरा केला नाही. एक पिढी एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत सरकली, पुढची आणखी एका झाडापर्यंत. कूपमंडूक म्हणतात तो हाच का?

मी ही सारी कथा वाटेत आमच्या वाटाड्याला सांगितली. तो थोडा वेळ गप्प चालला. मग म्हणाला, "म्हणजे रावणाच्या गावचो?" आणि चार पावलांनी पुन्हा, "पण नाव आमच्या गावाचा लावता मां? मगे तो आमचोच."

वर्गीकरणशास्त्राचा एवढा मोठा प्रश्न इतक्या थोडक्यात निकाली निघालेला मी पाहिला नव्हता.

नाव आंबोलीचे असले तरी हा बेडूक केवळ आंबोलीचा नाही. दक्षिणेकडे कर्नाटकात कॅसल रॉकच्या आणि जोगच्या रानांतही तो आढळतो. राज्यांच्या सीमा त्याला ठाऊक नाहीत. आणि त्या सीमाही कोठे स्थिर आहेत? त्याच्याच शेजारच्या एका झुडपी बेडकाचे उदाहरण पाहा. १९१९ साली अ‍ॅनंडेल या शास्त्रज्ञाने कॅसल रॉकच्या एका बेडकाला मुंबईचे नाव दिले, कारण उत्तर कानडा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तो जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि पुढे ते राज्य कर्नाटक झाले. बेडूक आपल्या जागेवरून इंचभर हलला नाही. तरी आज तो कर्नाटकात जन्म नोंदलेला मुंबईकर आहे. हाही आंबोलीच्या रानात ओरडत असतो. माणसांच्या सीमावादाकडे बघत हे दोघे एकाच झुडपावर बसत असतील, तर त्यांच्यात काय बोलणे होत असेल कोण जाणे!

बेडकाची खरी सीमा वेगळीच आहे, आणि ती फार कडक आहे. लंका आणि भारत यांच्यामधली जमीन गेल्या पाच लाख वर्षांत अनेकदा उघडी पडली. शेवटची जोडणी तुटून तर दहा हजार वर्षांच्या आसपासच झाली. वाट मोकळी होती, तरीही दोन्हीकडच्या रानांतल्या बेडकांची ये-जा जवळजवळ झालीच नाही. कारण मधला सखल प्रदेश कोरडा होता. या जीवांना समुद्राइतकाच कोरडेपणा अडवतो. सह्याद्रीची ओली पट्टी मुळातच अरुंद. आंबोलीहून पूर्वेला काही मैल गेले की ती संपते. त्या पट्टीतही रान तुटून मध्ये मोकळे माळरान पडले, की या बेडकाच्या दृष्टीने तेथे नवा समुद्र तयार होतो. आपण जिला एवढीशी मोकळी जागा म्हणतो, ती त्याच्या लेखी पाल्कची सामुद्रधुनी असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सड्यावर गेलो. सडा म्हणजे जांभ्या कातळाचे विस्तीर्ण पठार. उन्हाळ्यात तव्यासारखे तापणारे, पावसात हिरव्या गवताने आणि इवल्या फुलांनी भरून जाणारे. येथे गाठ पडते ती एका वेगळ्याच असामीची. हा बेडकाचा खरबरीत भाऊबंद, ज्याला आपल्याकडे भेक म्हणतात. अंगावर वाघासारखे पिवळे पट्टे, म्हणून २००९ सालीच त्याला 'झँथोफ्रिनी टायग्रिना' हे नाव मिळाले. त्यातल्या पहिल्या पदाचा अर्थच पिवळा भेक. पहिल्या पावसाने कातळावरच्या खळग्यांत बोटभर पाणी साचले की त्यात याची वीण होते. त्याची सगळी वस्ती म्हणजे आंबोलीचा परिसर. सबंध पृथ्वीवर दुसरा पत्ता त्याला नाही. त्याचा सख्खा भाऊ सरळ रेषेत दीडशे किलोमीटरांहून दूर, कोयनेच्या खोऱ्यात. हुंबरळी गावाजवळच्या त्या भेकाची नोंद सोमण यांनी १९६३ साली 'बुफो' या जुन्या, अघळपघळ प्रजातीत केली होती. २००९ साली त्याला आंबोलीच्या भावाशेजारी आणून बसवले गेले. एका घरातले दोघेच, आणि दोघांच्या मध्ये सारा घाटमाथा.

आडनाव बदलले म्हणून बेडकाचे काही बिघडत नाही. फिलॉटस म्हणा, खोटा फिलॉटस म्हणा, तो रात्री ओरडायचा तेव्हा ओरडतोच. गाव बदलणे मात्र त्याला शक्य नाही. लंकेतल्या त्याच्या भावकीचे काय झाले, ते यासाठी लक्षात घेण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकात तेथल्या डोंगरांतले पावसाळी अरण्य आधी कॉफीसाठी आणि मग चहासाठी मोठ्या प्रमाणावर तोडले गेले. या प्रजातीच्या डझनाहून अधिक जाती त्यानंतर कोणाला पुन्हा दिसल्याच नाहीत. त्यांची नावे ग्रंथांत आहेत, देह युरोपातल्या संग्रहालयांच्या बरण्यांत आहेत. गाव तेवढे नाही. आंबोलीच्या बेडकाचीही जागतिक लाल यादीत नोंद झाली ती अतिसंकटग्रस्त म्हणून. नामकरण आणि धोक्याची घंटा यांच्यात काही वर्षांचेच अंतर पडले.

आंबोलीला आज काय चालले आहे, ते डोळ्यांना दिसते. पावसाळ्याच्या सुटीच्या दिवशी घाटात मोटारींची रांग लागते. रात्री ओल्या रस्त्यावर बेडूक आणि भेक येऊन बसतात आणि सकाळी त्यांचे नुसते ठसे उरतात. झाडीत बंगल्यांसाठी जागा मोकळ्या केल्या जातात, सड्याच्या खळग्यांतून चाके फिरतात. यात कोणाचा दुष्टावा नाही. ज्याचे अस्तित्वच ठाऊक नाही, त्याला आपण तुडवतो आहोत हे माणसाला कळावे कसे?

म्हणूनच नावाला मोल आहे. हिरण्यकेशीच्या उगमावर महादेवाचे स्थान आहे. तेथल्या पाण्यात राहणाऱ्या एका लहान माशाला २०२० साली शास्त्रीय नाव मिळाले, 'शिस्टुरा हिरण्यकेशी'. आणि पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, महाराष्ट्र शासनाने त्या जागेला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केले. जागा थोडकी, जेमतेम दोन हेक्टरांची; पण देवाच्या धाकाने जे पाणी आजवर राखले गेले, त्याला कायद्याचीही साथ मिळाली. माशाला नाव नसते तर हे घडले असते का?

वाचकांपैकी कोणी येत्या पावसाळ्यात आंबोलीला जाणार असेल, तर धबधबा अवश्य पाहावा, पण एक रात्र मुक्काम करावा. दिवेलागणीनंतर घाटातून गाडी नेणे टाळावे. न्यावीच लागली तर सावकाश न्यावी, आणि रस्त्यावर काही उडी मारताना दिसले तर थांबावे. गावातलाच एखादा जाणता मुलगा बरोबर घ्यावा, रस्त्याच्या कडेने चालावे, झुडपात शिरू नये, आणि दिवा खाली धरावा. बेडूक दिसला नाही तरी त्याचा आवाज नक्कीच ऐकू येईल. तो आवाज एवढेच सांगत असतो की माती अजून ओली आहे, झाड अजून उभे आहे, आणि लंकेहून परत आलेले हे बिऱ्हाड अजून आपल्या गावात नांदते आहे.